माझा प्रमाणित गुण्या

दाराशी चपला ठेवायला एक लहानशी मांडणी हवी, एवढंच बायको म्हणाली होती. तीन फळ्या, दोन बाजू, मागे काही नसलं तरी चालेल. या साध्या वाक्यात आमची चार मजली इमारत अर्धी रिकामी करण्याची ताकद आहे, हे त्या वेळी कोणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्या तर नाहीच. मी पेपर वाचत होतो.

दुसऱ्या दिवशी सुतारकाका आले. त्यांचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे आणि इमारतीतला प्रत्येक दरवाजा त्यांनी निदान एकदा तरी घासून दिलेला आहे. त्यांनी दाराजवळची जागा पाहिली, पिशवीतून लाकडाची एक चिपाडासारखी पट्टी काढली, ती भिंतीशी धरली, नखाने तिच्यावर दोन खुणा केल्या आणि म्हणाले, "झालं."

"काय झालं?"

"माप."

"किती आलं?"

"एवढं," असं म्हणून त्यांनी पट्टी माझ्यासमोर धरली.

मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत तक्रार विभागात आहे. लिफ्ट किती वाजून किती मिनिटांनी बंद पडली, आत किती माणसं होती, त्यांतली किती ओरडत होती, या सगळ्याची मी बावीस वर्षं काटेकोर नोंद ठेवत आलो आहे. लिफ्ट कधी सुरू होईल हा वेगळा विभाग. अशा माणसाला 'एवढं' हे माप कसं चालावं?

"एवढं म्हणजे किती मिलिमीटर?" मी विचारलं.

"साहेब, चपला मिलिमीटरमध्ये बसत नाहीत," सुतारकाका म्हणाले.

यावर बायको हसली. नुसती हसली असती तर मी सोडून दिलं असतं. पण ती पदर तोंडाला लावून हसली. माझ्या विनोदांना ती गेल्या कित्येक वर्षांत फक्त 'हं' म्हणत आली आहे.

"मांडणी मीच करणार," मी जाहीर केलं.

त्यानंतरचे तीन आठवडे मी अभ्यासात घालवले. सुतारकामाचं नव्वद टक्के यश मोजण्यात आणि आखण्यात असतं, असं मी जिथे जिथे वाचलं तिथे तिथे खाली रेघ मारली. उरलेले दहा टक्के, म्हणजे लाकूड आणणं, कापणं, जोडणं वगैरे, ते नंतर बघता येईल असं ठरलं. मोजण्या-आखण्याच्या हत्यारांचा एक संच मी थेट परदेशातून मागवला. त्यात चार वस्तू होत्या. एक पोलादी पट्टी, लाकडावर बारीक रेघ ओढायचा एक चाकू, फळीच्या कडेपासून ठरावीक अंतरावर रेघ मारणारा एक खतकस आणि या सगळ्यांचा राजा, गुण्या. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं साधन. एक जाड दांडा, त्यातून बाहेर निघालेलं पोलादी पातं, आणि दोघांमध्ये नव्वद अंश. एकोणनव्वद नाही, एक्याण्णव नाही. नव्वद.

"यात करवत कुठे आहे?" बायकोने चित्र बघून विचारलं.

"करवत कोणाकडेही असते."

"आपल्याकडे नाहीये."

या पातळीवर चर्चा आली की मी थांबतो.

समोरच्या भाऊसाहेबांना मात्र माझ्या उपक्रमाचं महत्त्व चटकन कळलं. भाऊसाहेब कुठल्या खात्यातून निवृत्त झाले हे इमारतीत कोणालाच नक्की माहीत नाही, पण आम्ही विचारलं त्या प्रत्येक विषयात ते तेवीस वर्षं होते. "पोलादाला उघडा हात लावायचा नाही," ते म्हणाले. "घामाने गंजतं. मी असतो तर हातमोजे घातले असते." आणि त्यांनी घरातून पांढरे सुती हातमोजे आणून दिले. ते घालून आरशात पाहिलं तेव्हा मी थोडासा शल्यविशारद आणि बराचसा वाढपी दिसत होतो.

पार्सल आलं, पण माझ्यापर्यंत आलं नाही. पार्सल कचेरीतून चिठ्ठी आली की आतल्या वस्तू संशयास्पद असल्याने स्वतः हजर राहावं.

खिडकीमागे एक चष्मेवाले गृहस्थ होते. त्यांच्यासमोर माझं खोकं उघडं पडलं होतं.

"यात चाकू आहे," ते म्हणाले.

"रेघ मारायचा आहे."

"कशावर?"

"लाकडावर."

"लाकडावरच मारणार, याला पुरावा?"

मी आयुष्यात कोणावरही रेघ मारलेली नाही, हे माझ्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं असा माझा समज होता. त्यांना तसं काही दिसलं नाही. शेवटी मी आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींकडून, 'सदर गृहस्थांना आम्ही ओळखतो, ते निरुपद्रवी असून त्यांना चपलांची मांडणी करावयाची आहे' असं पत्र आणलं. त्यातल्या 'निरुपद्रवी' शब्दावर माझा आक्षेप होता, पण चष्मेवाल्यांना तोच शब्द सगळ्यांत आवडला. चाकू सुटला. गुण्या अडकला.

"हे मोजमापाचं साधन. याला मापन-पडताळणी कक्षाचं सील लागतं."

हा कक्ष शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर होता. तिथली लिफ्ट बंद होती. आमच्या कंपनीची होती, म्हणून मी काही बोललो नाही. वर एका मोठ्या टेबलामागे पडताळणी अधिकारी बसले होते. टेबलाचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली एक जाडजूड फाइल घातली होती. अधिकाऱ्यांनी गुण्या हातात घेतला, उलटसुलट केला, टेबलाच्या कोपऱ्याला लावला, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "जमतंय."

मग ड्रॉवरमधून त्यांनी चंदेरी रंगाची एक जाड चिकटपट्टी काढली. तिच्यावर ठसठशीत अक्षरांत 'प्रमाणित' असं छापलेलं होतं आणि खाली बारीक अक्षरांत 'सील तोडल्यास साधन अप्रमाणित समजले जाईल'. ती पट्टी त्यांनी गुण्याच्या दांड्याच्या टोकाला चहूबाजूंनी गुंडाळली, अंगठ्याने घट्ट दाबली आणि गुण्या माझ्या हाती दिला. मला एकदम पदवीदान समारंभाची आठवण झाली. जिना उतरताना माझी छाती दोन इंच पुढे होती. मोजली नव्हती, पण असावी.

घरी येऊन मी हातमोजे चढवले आणि गुण्या पहिल्यांदा जेवणाच्या टेबलाला लावला. दांडा टेबलाच्या एका कडेला, पातं दुसऱ्या कडेलगत. पातं आणि लाकूड यांच्यामधून उजेडाची एक बारीक फट दिसली. म्हणजे टेबल काटकोनात नव्हतं. ज्या टेबलावर आम्ही चौदा वर्षं निर्धास्तपणे जेवलो, ते टेबल आतून असं निघालं. मग दरवाजा पाहिला. फट. खिडकी पाहिली. फट. बायकोचं कपाट पाहिलं.

"तुझ्या माहेरच्या कपाटाला काटकोनच नाही," मी शक्य तितक्या मृदू आवाजात सांगितलं.

"इथे यायच्या आधी होता," ती म्हणाली.

मी तिकडे दुर्लक्ष केलं, कारण तेवढ्यात माझी नजर भिंतीवर गेली होती. दांडा जमिनीवर टेकवला, पातं भिंतीला लावलं. वर पातं भिंतीला टेकलं आणि खाली फट राहिली. याचा अर्थ भिंत आत झुकली होती. दुसऱ्या भिंतीपाशी गेलो. तीही आत. तिसरी, चौथी, स्वयंपाकघरातली, न्हाणीघरातली, सगळ्या भिंती आत, माझ्या अंगावर झुकलेल्या. मी कागद-पेन्सिल घेऊन हिशोब मांडला. पात्याच्या वीतभर उंचीला इतकी फट, तर बारा मीटर उंचीच्या इमारतीला किती? उत्तर आलं साडेतीन सेंटिमीटर. मी खाली बसलो. मग बसणं कितपत सुरक्षित आहे असा विचार येऊन उभा राहिलो.

भाऊसाहेबांना बोलावलं. आमच्या दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत आहे. ती माझ्या बाजूने माझ्याकडे झुकलेली होती. त्यांच्याकडे जाऊन पाहिलं, तर त्यांच्या बाजूने ती त्यांच्याकडे झुकलेली होती. इथे कोणीही शहाणा माणूस दोन मिनिटं थांबला असता. पण तिथे आम्ही दोघंच होतो.

"भिंत वरून फुगतेय," भाऊसाहेब गंभीरपणे म्हणाले. "मी असतो तर बांधतानाच ओळखलं असतं."

संध्याकाळपर्यंत मला बोलावणी येऊ लागली. आयुष्यात पहिल्यांदाच मी लोकांच्या घरी गेलो की लोक खुर्ची पुढे करू लागले. मखमली कापडात गुंडाळलेला गुण्या घेऊन मी मजल्यामजल्यावर फिरलो. प्रत्येक घरात मी हातमोजे चढवायचो, गुडघ्यावर बसायचो, एक डोळा मिटायचो आणि काही न बोलता मान हलवायचो. ही मान हलवण्याची कला मी ऑफिसातल्या मुख्य तंत्रज्ञाकडून उचलली आहे. तो लिफ्ट उघडून अशी मान हलवतो की आतली माणसं स्वतःहूनच जिन्याने जायला तयार होतात. चौथ्या मजल्यावर तर मला दोनदा चहा मिळाला. जिन्यात लोक मला 'गुण्यावाले साहेब' म्हणू लागले. मी ते नाव नाकारलं नाही, हे मान्य करतो.

चौथ्या मजल्यावरून निघालेले साडेतीन सेंटिमीटर तळमजल्यावर पोचेपर्यंत साडेतीन इंच झाले. पुढच्या तीन दिवसांत दोन कुटुंबं नातेवाइकांकडे राहायला गेली. चौथ्या मजल्यावर कपडे धुण्याची यंत्रं लावू नयेत, अशी सूचना जिन्यात लागली. सेक्रेटरींनी नगरपालिकेला पत्र धाडलं. त्यांचं उत्तर आश्चर्यकारक वेगाने आलं. इमारत कोणत्या दिशेला झुकली आहे ते सोबतच्या तक्त्यात खूण करून कळवावं, म्हणजे अर्ज कोणत्या विभागाकडे पाठवायचा ते ठरवता येईल. तक्त्यात चार चौकटी होत्या. पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर. 'आत' अशी चौकट नव्हती. सेक्रेटरींनी बराच वेळ विचार करून चारही चौकटींत खुणा केल्या. पुन्हा उत्तर आलं नाही.

इथपर्यंत मी, खरं सांगायचं तर, मजेत होतो.

चौथ्या दिवशी टायपिंगच्या बाई आमच्याकडे आल्या. बाई तळमजल्यावर एकट्या राहतात. चाळीस वर्षं त्यांनी पुढच्या खोलीत टायपिंगचे वर्ग घेतले, अर्ध्या शहराची बोटं त्यांनी वळवलेली आहेत. दोन मजले चढून आल्यामुळे त्यांना धाप लागली होती. बायकोने पाणी दिलं. पाणी पिऊन, पेला नीट खाली ठेवून त्या म्हणाल्या, "माझं घर दातांचे डॉक्टर घेणार होते, तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. डॉक्टरांच्या आईला जिने चढवत नाहीत, म्हणून त्यांना तळमजलाच हवा होता. आणि बाईंची थोरली बहीण दुसऱ्या गावी असते, तिची नजर जवळजवळ गेली आहे. घर विकून तिच्याजवळ जाऊन राहायचं, हे बाईंनी दोन वर्षं घोकत घोकत ठरवलं होतं.

"आज त्यांचा फोन आला. झुकणाऱ्या इमारतीत आईला आणणार नाही म्हणाले."

मी गुण्या मखमली कापडाखाली सरकवला.

"माझी तक्रार नाही," बाई म्हणाल्या. तक्रार हा माझा विषय असून तो शब्द मला इतका कधी लागला नव्हता. "तुम्ही मोजलंय म्हणजे बरोबरच असणार. फक्त एकदा पुन्हा मोजाल का? मुलींनी पहिल्यांदा टाइप केलेला कागद मी कधीच बरोबर धरला नाही. तपासायचाच. बरोबर असला तरी तपासायचा."

मी त्यांच्याबरोबर खाली गेलो. त्यांच्या घरात खोकी बांधून ठेवलेली होती. प्रत्येकावर टाइप केलेली चिठ्ठी होती. मी हातमोजे घातले, गुडघ्यावर बसलो, चारही भिंती पुन्हा मोजल्या. फट होती तेवढीच होती. माझं साधन फार सातत्याचं होतं.

"तेवढीच?" बाईंनी विचारलं.

"तेवढीच."

"बरं," असं म्हणून त्यांनी दोरी सोडून एक खोकं उघडलं आणि त्यातले कप एकेक करून पुन्हा मांडणीवर ठेवायला सुरुवात केली. माझ्याकडे पाठ होती. मी कितीतरी वेळ गुडघ्यावरच होतो.

घरी आल्यावर मी हातमोजे काढून टेबलावर ठेवले. बायको म्हणाली, "सुतारकाकांना दाखव."

"काय दाखवू? त्यांना मिलिमीटर कळत नाहीत."

"मग मी जाते."

ही धमकी नव्हती. ती खरोखर चपला घालायला गेली. मी तिच्या आधी जिना उतरलो.

सुतारकाका दुकानात एका खिडकीच्या चौकटीला रंधा मारत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. साडेतीन सेंटिमीटर सांगितले, नगरपालिका सांगितली, बाईंचे कप सांगितले नाहीत. तेवढं माझ्याच्याने झालं नाही.

"सगळ्या भिंती आत?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या."

"तुमची आणि भाऊसाहेबांची ती मधली?"

"ती दोन्हीकडे झुकली आहे."

काकांनी रंधा खाली ठेवला. "साहेब, मी पन्नास वर्षं भिंतींना दारं बसवतोय. दोन्हीकडे झुकणारी भिंत अजून भेटायची आहे. तो गुण्या द्या बघू."

त्यांनी सरळ कडेची एक फळी घेतली. गुण्याचा दांडा त्या कडेला लावला आणि पात्याच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढली. मग गुण्या पालथा केला, दांडा पुन्हा त्याच कडेला, पातं रेघेच्या पायथ्याशी, आणि दुसरी रेघ ओढली. गुण्या खरा असेल तर दोन्ही रेघा एकावर एक पडायला हव्यात, असं त्यांनी सांगितलं. माझ्या रेघा खाली एकत्र होत्या आणि वर जाताना एकमेकींपासून दूर दूर गेल्या होत्या.

काका हसले असते तर बरं झालं असतं. ते हसले नाहीत. त्यांनी दांड्यावरून नख फिरवलं. टोकाशी नख अडलं.

"हे काय?"

"सील."

"कशाचं?"

"अचूक असल्याचं," मी म्हणालो.

आता मात्र काका हसले. आधी उभ्याने हसले, मग ओट्यावर बसून हसले, मग चष्मा काढून डोळे पुसले. ती जाड चिकटपट्टी दांड्याच्या टोकाशी उंचवटा करून बसली होती. दांडा कुठेही ठेवला की टोकाशी उचलला जायचा आणि पातं तेवढंच कलायचं. थोडक्यात, सगळं जग सरळ होतं, फक्त त्याला सरळ ठरवणारा कागद मध्ये आला होता.

"काढा ते," काका म्हणाले.

"काढलं तर गुण्या अप्रमाणित होईल."

"आणि ठेवलं तर?"

मी सील सोलून काढलं. सरकारी कागद फाडायची मला सवय नाही. काकांनी पुन्हा दोन रेघा ओढल्या. यावेळी मला एकच दिसली.

"काका, तुम्ही उद्या इमारतीत येऊन सगळ्यांना हे दाखवाल?"

"मी दाखवलं तर ती माझी हुशारी होईल," ते म्हणाले. "तुम्ही दाखवा."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सेक्रेटरींनी जिन्याखालच्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडून सभा बोलावली. दातांच्या डॉक्टरांना मी स्वतः फोन केला होता. ते आले, पण उभेच राहिले, दाराजवळ. बाई पहिल्या रांगेत होत्या. मी रात्री जपून तयार केलेलं वाक्य असं होतं : 'मोजमाप प्रक्रियेत तांत्रिक स्वरूपाची तफावत आढळून आली आहे.' गेली बावीस वर्षं या जातीच्या वाक्यांनी मी अडकलेल्या माणसांना शांत करत आलो होतो. मी उभा राहिलो, घसा साफ केला, आणि बाईंनी माझ्याकडे पाहिलं. टाइप केलेल्या कागदाकडे पाहत असतील तशा.

"मी चुकलो," मी म्हणालो.

मी सील पुन्हा दांड्यावर चिकटवून आणलं होतं. फळीवर दोन रेघा ओढून दाखवल्या. मग सील काढून पुन्हा ओढून दाखवल्या. फळी हातोहात सगळीकडे फिरली. माझी मान खाली होती, त्यामुळे मला फक्त लोकांच्या चपला दिसत होत्या.

"मी तेव्हाच म्हणालो होतो," भाऊसाहेब म्हणाले.

आता सगळं सुटलं असं मला वाटलं. पण सेक्रेटरी इतिवृत्ताची वही उघडून विचारात पडले होते.

"एक अडचण आहे," ते म्हणाले. "सील असताना साधन प्रमाणित होतं, आणि त्या मापाने इमारत वाकडी आहे. सील काढल्यावर इमारत सरळ आहे, पण साधन अप्रमाणित. अप्रमाणित मापावरून इमारत सरळ असल्याचं मी कसं लिहू?"

यावर पाऊण तास चर्चा झाली. एकाने सुचवलं की इमारत तूर्त वाकडी समजावी आणि पुढच्या सभेत सरळ करावी. दुसऱ्याचं म्हणणं होतं की पडताळणी कक्षाकडून नवीन सील आणावं आणि ते यावेळी पात्याला लावावं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी, दोन्ही मापांची सरासरी काढा, असं सांगितलं. बोलण्याचा माझा हक्क संपला आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

शेवटी बाई उठल्या. "लिहा," त्या सेक्रेटरींना म्हणाल्या. चाळीस वर्षं शेकडो मुलींना मजकूर सांगितलेला तो आवाज होता. सेक्रेटरींनी मुकाट्याने पेन उचललं. "दुसऱ्या मजल्यावरील गृहस्थांनी आजवर जे जे मोजले, स्वल्पविराम, ते सर्व त्यांच्याच विनंतीवरून रद्द समजण्यात यावे. पूर्णविराम. पुढचा विषय."

पुढचा विषय नव्हता. सभा संपली.

डॉक्टर अजून दाराशीच होते. मी त्यांच्यापाशी गेलो. "डॉक्टर, बाईंचं घर घ्या हो. त्यात माझ्याखेरीज काहीही वाकडं नाही."

"मी रोज लोकांची तोंडं पाहतो," डॉक्टर म्हणाले. "एकाचेही दात काटकोनात नसतात. तरी माणसं जेवतात. घर मी घेतो. पण एक अट आहे."

अट करारनाम्यातच घातली गेली. बाईंनी तो करारनामा स्वतः टाइप केला. अकरावं कलम असं होतं : 'दुसऱ्या मजल्यावरील गृहस्थ सदर सदनिकेत कोणत्याही साधनाने, प्रमाणित अथवा अप्रमाणित, कोणतेही मोजमाप करणार नाहीत.' त्याखाली माझी सही आहे. साक्षीदार म्हणून बायकोची. तिने सही करायला जरा जास्तच तत्परता दाखवली. मी कलम तीनदा वाचलं, एकही चूक सापडली नाही.

बाई गेल्या त्या दिवशी मी त्यांची खोकी गाडीपर्यंत नेली. भाऊसाहेबांनी कोणतं खोकं कशावर ठेवावं ते सांगितलं. गाडीत बसल्यावर बाईंनी काच खाली केली. "तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, पत्र लिहाल." मी खरोखर पत्रच लिहिणार होतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. गाडी वळेपर्यंत उभा राहिलो.

मांडणी सुतारकाकांनी एका दुपारी करून दिली. दाराशी चपखल बसली. ती किती रुंद आहे, ते मी विचारलेलं नाही.

डॉक्टरांच्या आई राहायला येऊन आठवडा झाला असेल. एका सकाळी त्यांचा निरोप आला की दुसऱ्या मजल्यावरच्या त्या मोजणाऱ्या माणसाला खाली पाठवा. मी गेलो, पण उंबरठ्याबाहेर थांबलो. आजी ऐंशीच्या पुढच्या, एवढ्याशा, हातात काठी. त्यांना चालताना धरायला भिंतीला लाकडी दांडी बसवायची होती, न्हाणीघरापासून पलंगापर्यंत. सुतारकाका लांबलचक दांडीचं एक टोक धरून उभे होते आणि दुसरं टोक जमिनीवर होतं.

"आत या ना," आजी म्हणाल्या.

"मला मनाई आहे, आजी. करारात आहे. अकरावं कलम."

"वाचलंय मी. मोजायची मनाई आहे. धरायची नाही."

मी चपला काढून आत गेलो. जमिनीवरचं टोक उचललं आणि काका सांगतील त्या उंचीवर भिंतीला लावून धरलं. आजी हळूहळू चालत आल्या, दांडीवर हात ठेवला, दोन पावलं पुढे गेल्या, परत आल्या. मग मला म्हणाल्या, "जरा खाली. हं. इथे. इथे हात आपोआप पडतो."

काकांनी नखाने भिंतीवर खूण केली.

"किती..." मी म्हणालो आणि थांबलो.

दोघंही माझ्याकडे बघत होती.

"काही नाही," मी म्हणालो. "मी नुसतं धरलंय."

"मग हलू नका," काका म्हणाले, आणि त्यांनी पहिला स्क्रू लावला.